हेलकावा

सोहारच्या या इस्पितळात
माझ्या खोलीला खिडकी नाही, प्रिंटर आहे.
तो फक्त काळं छापतो.
म्हणून माझे लाल आणि हिरवे
डॉक्टर झुवैनांच्या टेबलावर पोचेस्तोवर
एकाच राखाडीचे होतात,
सावरलेला माणूस आणि बुडणारा माणूस
ऑगस्टमधल्या इथल्या आभाळासारखे, वेगळे न काढता येणारे.

त्यांना एका माणसामागे अकरा मिनिटं मिळतात.
त्यातच सलाम, खोकला, गोळ्यांची नावं,
आणि माझं पान.
आधी मी आकड्यांचा तक्ता द्यायचे:
चौदा ओळी, प्रत्येकीला दशांश.
त्या चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या,
"नक्की कुठे बघू?"

मग ठिपके काढले. ठिपके रेषेनं जोडले.
झाला डोंगर.
डोंगर दिसला की डोळा चढतोच.
पण उदासी आणि संशय यांच्यामध्ये
कुठली आली वाट?
त्या दोन मोजपट्ट्या शेजारी छापल्या, एवढंच.
उद्या क्रम बदलला तर डोंगराची दरी होईल
आणि माणूस तोच, तिथेच,
दाराशी चपला काढून बसलेला.
रेषा पुसून टाकली.

रियाज महालदार, मूळचा हर्णैचा, वय त्रेचाळीस,
बंदरावर क्रेन चालवतो.
दोनशे दहा प्रश्नांत एकावर त्याचं पेन थांबलं:
इतरांना ऐकू न येणारे आवाज तुम्हाला येतात का?
"येतात की. वर वारा बोलतो.
खालच्यांना कसा ऐकू येणार?"
यंत्रानं त्या उत्तरावर काळा त्रिकोण लावला.
मी त्रिकोणाशेजारी बारीक अक्षरात उंची लिहिली:
बेचाळीस मीटर.

तीन महिन्यांत तीनदा चाचणी.
एकाहत्तर, सहासष्ट, अठ्ठावन्न.
चांगला उतार होता. मी पान त्याच्यापुढे फिरवलं.
तो बघत राहिला, बघता बघता चेहरा पडला.
"वाढतंय होय, बाय?"
मला कळेना. मग त्याचं बोट बघितलं.
बोट उजवीकडून निघालं होतं,
गावच्या उर्दू शाळेत शिकवलं तसं:
अठ्ठावन्न, सहासष्ट, एकाहत्तर.

सात वर्षं आलेख काढतेय मी,
तेही अशा गावात जिथे दुकानाची पाटीसुद्धा उजवीकडून सुरू होते.
एक बाण काढायचं सुचलं नव्हतं.

महिने बोटांवर मोजून दाखवले तेव्हा तो हसला.
पुरता नाही.
"उतरतंय ते बरंच. पण पेटी खाली घेताना
शेवटच्या मीटरला हेलकावा असतो, बाय.
खालून बघणाऱ्याला वाटतं, टेकली.
मला वरून ठाऊक असतं, नाही टेकली अजून."

त्या रात्री डबा तसाच ठेवून
प्रत्येक ठिपक्याला मी वरखाली एक फिकी पट्टी ओढली,
माझं मोजमाप जेवढं चुकू शकतं तेवढी लांब.
अठ्ठावन्नच्या पट्टीचं वरचं टोक
धोक्याच्या रेषेला जाऊन टेकलं.
खाली बाण. तारखा दोन्ही लिप्यांत.
आमच्या प्रिंटरलाही जमलं ते.

गुरुवारी डॉक्टर झुवैनांनी पान उचललं.
चष्मा कपाळावर गेला नाही.
"ही सावली कसली?"
पुस्तकातला लांबलचक शब्द ओठांवर आला होता,
बाहेर पडला तो हेलकावा.
अर्थ सांगितला. त्यांनी तो शब्द
अरबी अक्षरांत कडेला टिपून ठेवला
आणि क्रेनवर परत चढायच्या त्याच्या दाखल्यावर
सही केली नाही.

बाहेर बाकावर रियाज,
हेल्मेट मांडीवर घेऊनच आलेला.
अकरा मिनिटं संपली होती.
दार उघडून सांगायचं माझ्याकडे होतं.